नक्की कुणाकडे जायचं? शरीर-मनाच्या त्रासात योग्य मदत शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रास होतोय हे कळतं, पण तो कुठल्या डॉक्टरांचा विषय आहे हे कळत नाही. अशा वेळी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. जिवाला धोका वाटत असेल तर आधी प्रश्न २ वाचा. मरणाचे विचार येत असतील तर थेट प्रश्न १५ वर जा. बाकीचं सवडीने वाचलं तरी चालेल.

१. मला नेमकं काय झालंय तेच कळत नाही. मग सुरुवात कुणापासून करायची?

नेमकं काय झालंय हे ठरवणं तुमचं काम नाही. ते आधी घरी ठरवायचं आणि मगच दवाखान्याची पायरी चढायची, या हट्टापायी लोक महिनेच्या महिने घालवतात. तातडीचं काही नसेल तर फॅमिली डॉक्टर किंवा जनरल फिजिशियन हे पहिलं दार. ते अंगाला हात लावून तपासतात, रक्ताच्या तपासण्या लिहून देतात आणि तुमची चालू औषधं एका नजरेत बघू शकतात. निघताना एक गोष्ट मात्र विचारून घ्या: "दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुढे कुणाकडे जाऊ?" या प्रश्नाचं उत्तर हातात असलं की पहिलं दार चुकलं तरी फारसं बिघडत नाही. ते नसलं की माणूस तिथेच अडकतो, किंवा कंटाळून जाणंच सोडून देतो.

काही वेळा हे दार वगळावं. आधी निदान झालेला मानसिक आजार पुन्हा डोकं वर काढत असेल, तर जुन्या मानसोपचारतज्ज्ञांकडेच जा. कानात आवाज येणं, कुणीतरी पाळत ठेवतंय असं पक्कं वाटणं, दोन-तीन तासांच्या झोपेवर दिवसेंदिवस अफाट उत्साह टिकणं, हेही थेट मानसोपचारतज्ज्ञांचं काम. आणि कारण उघड आहे, म्हणजे नातं तुटलं, काम गेलं, जवळचं माणूस गेलं, पण झोप-भूक-कामकाज बऱ्यापैकी चालू आहे, तर समुपदेशकापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

२. थेट इमर्जन्सीत कधी जायचं? दोन दिवस वाट बघितली तर चालत नाही का?

पुढच्या गोष्टींत वाट बघायची नाही:

- छातीत दाब, आवळल्यासारखं दुखणं, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, सोबत घाम किंवा धाप.
- चेहरा एका बाजूला ओढला जाणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून लक्षण कितीला सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर दिसलं असेल, तर माणूस शेवटचा ठीक कधी होता ते सांगा.
- क्षणात सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी. किंवा ताप, मान आखडणं आणि बरळणं एकत्र.
- काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ: वेळ-जागा न कळणं, माणसं न ओळखणं.
- रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केल्यावर हात थरथरणं, घाम, भास, झटका. झटके पहिल्या दोन दिवसांत येऊ शकतात आणि बरळण्याची गंभीर अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी गाठते. "सोडली ते चांगलंच झालं" म्हणून घरी बसवून ठेवणं इथे जिवावर बेतू शकतं.
- चुकून किंवा मुद्दाम जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर आत्ता ठणठणीत वाटत असलं तरीही. काही साध्या औषधांची इजा एक-दोन दिवसांनी दिसते, आणि उतारा मात्र पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतो. रिकामं पाकीट सोबत न्या.
- स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा ठरवलेला बेत.
- बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईला झोप अजिबात न लागणं, असंबद्ध बोलणं, बाळाबद्दल विचित्र समजुती.

३. सायकिॲट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट… फरक काय?

सायकिॲट्रिस्ट, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, हे आधी डॉक्टर असतात आणि मग मनोविकारांचं पुढचं शिक्षण घेतात. औषध लिहून देणं, दाखल करून घेणं, शारीरिक कारण तपासणं हे त्यांच्या हातात असतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, निदानात भाग घेतात आणि पद्धतशीर थेरपी देतात. औषध बहुतेक ठिकाणी लिहू शकत नाहीत. समुपदेशक जगण्यातल्या अडचणींवर काम करतात, पण त्यांचं शिक्षण काही आठवड्यांच्या कोर्सपासून पदव्युत्तर पदवीपर्यंत काहीही असू शकतं. "थेरपिस्ट" हा तर कित्येक देशांत कुणीही लावू शकेल असा शब्द आहे. म्हणून पाटीवरचं नाव बघू नका. पदवी कोणती, नोंदणी कुठे आणि माझ्यासारख्या त्रासाचा अनुभव किती, हे तीन प्रश्न विचारा. यात उद्धटपणा काही नाही.

झटके, अंगाचा एखादा भाग लुळा पडणं, वाढत जाणारा विसर असेल, तर न्यूरोलॉजिस्टचा विषय येतो. विसराबद्दल प्रश्न १२ पाहा.

४. हे शरीराचं आहे की मनाचं, ते कसं ओळखायचं?

पुष्कळदा उत्तर "दोन्ही" असतं. तरी पहिल्या फेरीत शरीर तपासून घ्यावं असं आम्ही सांगतो, कारण मनाच्या त्रासाचं सोंग घेणारे शारीरिक आजार बरेच आहेत आणि त्यातले काही साध्या रक्त तपासणीत सापडतात. थायरॉइड जास्त झालं तर धडधड, घाम, चिडचिड आणि वजन घटणं. कमी झालं तर मरगळ, रडवेलेपणा, वजन वाढणं. हिमोग्लोबिन कमी असलं की थकवा आणि धाप. बी-१२ कमी असलं की मुंग्या, विसर आणि उदासी; आणि हे हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही होऊ शकतं. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या माणसाची साखर खाली गेली की होणारी थरथर आणि घाबरणं हुबेहूब पॅनिकसारखं दिसतं. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाचा "उत्साह गेलाय", तर आधी झोपेत श्वास अडकतोय का ते बघावं.

औषधांकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. स्टेरॉइडने झोप उडते आणि मूड वर-खाली होतो. दम्याच्या पंपाने हात थरथरतात, छाती धडधडते. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांचंही तसंच. फिट्सवरच्या लेव्हेटिरासेटामने काहींची चिडचिड एवढी वाढते की घरचे म्हणतात, हा माणूसच बदलला. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी-१२ घटू शकतं. आणि कॉफी: निरोगी प्रौढांसाठी दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅफीन ही वरची मर्यादा मानतात, पण घाबरट प्रकृतीच्या माणसाला त्याहून बऱ्याच कमी मात्रेतही त्रास होतो.

शरीराकडे बोट दाखवणाऱ्या खुणा अशा: आयुष्यात कधीच नव्हता असा त्रास चाळिशीनंतर अचानक सुरू होणं, नवं औषध किंवा बदललेला डोस आणि त्रास यांची तारीख जुळणं, वजन घटणं, ताप, झोपेतून उठवणारी डोकेदुखी, आवाज नव्हे तर दृश्यं दिसणं, शुद्ध कमी-जास्त होणं. तरुण माणसात काही दिवसांत आलेलं वेड्यासारखं वागणं आणि सोबत झटके किंवा हातापायांच्या विचित्र हालचाली असतील, तर मेंदूला आलेली सूज तपासावी लागते. असा एक प्रकार, एनएमडीए प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीजमुळे होणारा, २००७ साली ओळखला गेला. त्याआधी असे रुग्ण मनोरुग्ण म्हणूनच हाताळले जाण्याची शक्यता फार मोठी होती.

पहिल्या फेरीत साधारणपणे रक्ताची पूर्ण तपासणी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, बी-१२, मूत्रपिंड-यकृत-क्षार आणि गरज असेल तर ईसीजी एवढं पुरतं. एक बारीक गोष्ट: केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

५. छाती धडधडते, हात गार पडतात, आता मरतो असं वाटतं. ईसीजी नॉर्मल आला. म्हणजे पॅनिक अटॅकच ना?

शक्यता मोठी आहे, पण एका ईसीजीवरून तसा शिक्का मारू नये. पॅनिक अटॅक काही मिनिटांत, बहुधा दहाच्या आत, शिखरावर जातो आणि अर्ध्या तासाच्या आसपास ओसरतो. तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कारण जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो.

आता गफलत कुठे होते ते बघा. ईसीजी हा त्या काही सेकंदांचा फोटो आहे. त्रास थांबल्यावर काढला तर हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड त्यात दिसणारच नाही. एसव्हीटी नावाच्या बिघाडात बटण दाबावं तशी धडधड सुरू होते आणि तशीच खटकन थांबते, ठोके बहुधा मिनिटाला १५० च्या वर जातात. पॅनिकमध्ये वेग चढत जातो आणि हळूहळू उतरतो. म्हणून अटॅकच्या वेळी नाडी मोजा: पंधरा सेकंदांचे ठोके गुणिले चार. सुरुवात-शेवट कसा झाला ते लिहा. नोंद "खटकन" अशी येत असेल, धडधडीत भोवळ येऊन पडला असाल, किंवा घरात कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांकडून होल्टर, म्हणजे अंगावर यंत्र बसवून दिवसभर चालणारा ईसीजी, करून घ्या. छातीत दुखतही असेल तर ट्रोपोनिन नावाची रक्त तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा लागते. लवकर केलेली एकटी तपासणी फसवू शकते.

हे सगळं नीट झाल्यावर मात्र दर अटॅकला नवा ईसीजी काढत बसू नका. तपासणीचा दिलासा एक-दोन दिवस टिकतो आणि भीतीला खतपाणी घालतो. तिथून पुढचं काम थेरपीचं.

६. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणतात "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." मग मी नाटक करतोय का?

नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे जे शोधलं ते सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अर्धशिशीत मेंदूचा स्कॅन बहुधा स्वच्छच येतो आणि आतड्याच्या आयबीएसमध्ये एन्डोस्कोपीही. त्रास खराच असतो. मेंदूची रचना धड असून कामकाज बिघडलं की हात लुळा पडणं, झटक्यासारखं होणं असले प्रकार होतात. त्याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. ते निदान "बाकी काही सापडलं नाही म्हणून" करायचं नसतं. जाणते न्यूरोलॉजिस्ट तपासताना त्याच्या ठोस खुणा शोधतात. उदाहरणार्थ, पाय खाली दाबायला सांगितला तर जोर लागत नाही, पण दुसरा पाय उचलायला सांगितला की तोच पाय आपोआप खाली दाबला जातो.

अशा वेळी डॉक्टरांशी वाद घालण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. कोणते गंभीर आजार आता नाहीत असं तुम्ही खात्रीने म्हणू शकता? कोणतं नवं लक्षण दिसलं तर मी परत यावं? आणि कारण सापडलं नाही तरी त्रास कमी करायला काय करता येईल? तिसऱ्या प्रश्नावर समोरून फक्त खांदे उडवले गेले, तर डॉक्टर बदलायला ते पुरेसं कारण आहे. पण दर महिन्याला नवा तज्ज्ञ आणि नवा स्कॅन, हा मार्ग फार थकवतो. एकच डॉक्टर ठरवून, त्रास असो-नसो, ठरावीक दिवसांनी त्यांना भेटणं याचा जास्त उपयोग होतो.

७. किती त्रास झाला म्हणजे "आता जायला हवं" असं समजायचं?

दोन आठवडे. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ असेल तर जा. त्याआधीही, काम, शिक्षण, आंघोळ-जेवण किंवा नातं यातलं काही कोलमडत असेल तर थांबू नका. "माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत" हे न जाण्याचं कारण आम्हाला फार वेळा सांगितलं जातं. दात दुखताना असं कुणी म्हणत नाही.

८. ऑनलाइन चाचणीत १७ गुण आले. मला डिप्रेशन आहे का?

ती चाचणी बहुधा पीएचक्यू-९ असावी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. ५, १०, १५ आणि २० हे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र यांचे उंबरठे. १० किंवा जास्त आले तर भेट घ्यावी असा संकेत. १७ म्हणजे ती पुढे ढकलू नये. काळजी-भीतीसाठी जीएडी-७ असते, तिचे गुण २१ पर्यंत.

पण हे गुण म्हणजे निदान नाही. थकवा, झोप, भूक हे प्रश्न थायरॉइडच्या रुग्णालाही गुण मिळवून देतात. आणि पीएचक्यू-९ अतिउत्साहाच्या काळाबद्दल काहीच विचारत नाही, त्यामुळे बायपोलर आजार, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह यांचे आलटून-पालटून येणारे काळ, त्यातून निसटतो (प्रश्न १० पाहा). बाळंतिणीची झोप-भूक तशीही बदललेलीच असते, म्हणून तिच्यासाठी एडिनबरो प्रश्नावली वापरतात: १९८७ ची, दहा प्रश्नांची, मागच्या सात दिवसांबद्दल. एकूण कमी आले तरी पीएचक्यू-९ च्या नवव्या, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर दिलं असेल, तर प्रश्न १५ वाचा.

९. पहिल्या भेटीला काय न्यायचं? समोर बसल्यावर काही सुचतच नाही.

एक कागद. दोन्ही बाजूंनी नाही, एकाच बाजूने. त्यावर: सर्वात जास्त छळणारी एक गोष्ट; कधीपासून; आठवड्यातून किती वेळा आणि किती वेळ; कशाने वाढतं, कशाने कमी होतं; त्यामुळे काय करता येत नाहीसं झालंय. खाली सगळी औषधं डोससकट, आयुर्वेदिक-होमिओपॅथिक आणि व्हिटॅमिनसुद्धा. दारू-तंबाखू-गांजा खरं तेवढं. घरात कुणाला मानसिक आजार, आत्महत्या, थायरॉइड, हृदयविकार. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, जाड पिशवी उलटी करू नका.

"बरं वाटत नाही" यापेक्षा "तीन महिन्यांपासून रोज पहाटे चारला जाग येते, नंतर झोप लागत नाही, कामावर दोनदा चुका झाल्या" हे वाक्य दहापट कामाचं. लाज वाटणारी गोष्ट सुरुवातीलाच सांगा किंवा कागदावर पहिली लिहून कागद पुढे सरकवा. बरेच जण ती दाराच्या कडीला हात लावताना सांगतात, आणि तोवर वेळ संपलेली असते.

१०. औषध घेऊ की थेरपी?

सौम्य उदासी किंवा चिंतेत थेरपी आधी. मध्यम ते तीव्र असेल तर दोन्ही मिळून जास्त गुण येतो. भास, बायपोलर, किंवा अन्न-पाणी सुटेल इतकी तीव्र उदासी असेल तर औषध आधी, कारण अशा अवस्थेत थेरपीत बसणंच शक्य नसतं. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी साधारण ८ ते २० बैठकांची असते, बैठक ४५-५० मिनिटांची.

डिप्रेशनवरच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी येतो. मळमळ, अस्वस्थता, झोप बिघडणं हे मात्र पहिल्याच आठवड्यात. फायदा उशिरा आणि त्रास लवकर, म्हणूनच बरेच जण सुरुवातीलाच गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आणि डोस बदलताना मरणाचे विचार वाढू शकतात. त्या काळात घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि डॉक्टरांची पुढची भेट लवकरची घ्यायची.

एक गोष्ट विचारली नाही तरी सांगा: कधी सलग चार-पाच दिवस किंवा जास्त, झोपेची गरज न वाटता भन्नाट उत्साह, भरधाव बोलणं, बेफाम खर्च असं झालं होतं का? घरात कुणाला बायपोलर आहे का? तसं असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी माणसाला उन्मादाच्या टोकाला ढकलू शकते. लोक हे लपवत नाहीत, त्यांना तो आयुष्यातला चांगला काळ वाटतो आणि तक्रार म्हणून तो आठवतच नाही.

११. या गोळ्यांची सवय लागते का?

दोन प्रकार वेगळे करा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्या लगेच शांत करतात आणि त्यांची सवय लागते. म्हणून त्या शक्यतो दोन-चार आठवड्यांपुरत्याच घ्याव्यात. महिनोन्‌महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी ओढ लागत नाही, डोस वाढवावासा वाटत नाही. पण अचानक सोडल्या तर काही दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. त्या बरं वाटू लागल्यावरही बहुधा सहा ते बारा महिने चालू ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने उतरवतात. जुन्या चिठ्ठीवर दुकानातून पुन्हा पुन्हा घेणं, ही सवय मात्र नक्की मोडा.

१२. आईला विसरायला होतंय. म्हातारपण म्हणायचं, डिप्रेशन की डिमेन्शिया?

किती वेगाने आलं ते आधी आठवा. तासा-दिवसांत आलं, संध्याकाळी वाढतं, लक्ष टिकत नाही, मधेच गुंगी: हा डेलिरियम. त्यामागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, क्षार बिघडणं, नवी गोळी असं काहीतरी असतं. तातडीने दवाखाना, मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट नव्हे. काही आठवड्यांत आलं, "मला काही आठवत नाही" अशी तक्रार ती स्वतःच करते, प्रश्न विचारला की "माहीत नाही" म्हणून सोडून देते: डिप्रेशनची शक्यता, आणि ते बरं होतं. महिने-वर्षांत हळूहळू आलं, तक्रार घरच्यांची आहे, ती मात्र चुकीची उत्तरं देऊन वेळ निभावते: डिमेन्शियाच्या अंगाने तपासणी करा, न्यूरोलॉजिस्ट किंवा वृद्धांचे तज्ज्ञ यांच्याकडे. तिन्ही एकावर एकही येतात. जाण्याआधी कान तपासून घ्या; ऐकू न आलेली गोष्ट विसरली असं दिसतं.

१३. मुलासाठी कुणाकडे जायचं? सगळे म्हणतात, वयाचं आहे, जाईल.

आधी बालरोगतज्ज्ञ. ऐकणं, दृष्टी, वाढ, झोप आणि रक्त बघून झालं की ते बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञांकडे पाठवतात. मुलांतली उदासी पुष्कळदा रडण्यातून नव्हे तर चिडण्यातून दिसते. लहानांत पोटदुखीतून, आणि ती शाळेच्या दिवशी सकाळी. शिक्षकांकडून दोन-चार ओळी लेखी आणा: एकाच ठिकाणी दिसणारा त्रास आणि सगळीकडे दिसणारा त्रास यांची कारणं निराळी असतात. आधी जमत असलेली गोष्ट, बोलणं, चालणं, शौच, मूल विसरू लागलं तर "जाईल" म्हणून थांबू नका.

१४. मी सांगितलेलं घरच्यांना किंवा ऑफिसात कळेल का?

साधारण नियम असा की तुमच्या परवानगीशिवाय सांगत नाहीत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका, मुलावर होणारा अत्याचार आणि न्यायालयाचा आदेश, हे बहुतेक ठिकाणचे अपवाद. अठराच्या आतल्यांबाबत पालकांना किती सांगायचं हे ठिकाणानुसार बदलतं. विमा किंवा ऑफिसमार्फत जात असाल, तर कोणता कागद कुणाकडे जातो ते पहिल्याच भेटीत विचारा. चिडू नका, हा रोजचा प्रश्न आहे.

१५. मरणाचे विचार येतात, पण मी काही करणार नाही. हे कुणाला सांगावं का?

हो. "सकाळी जागच आली नाही तर बरं" इथपासून ते ठरवलेल्या बेतापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि माणूस त्या एका रात्रीतही चढू शकतो. नुसते विचार असतील तर या आठवड्यातली भेट घ्या आणि आजच एका माणसाला सांगा. कसं, कधी, कशाने याचा विचार झाला असेल, तयारी केली असेल किंवा आधी प्रयत्न झाला असेल, तर आजच, आत्ताच, इमर्जन्सी किंवा तुमच्या भागातली संकटकाळची हेल्पलाइन. कुणीतरी सोबत थांबू द्या. ज्याने इजा होऊ शकते ते घराबाहेर किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्या, औषधांचा साठाही. हे फार महत्त्वाचं, कारण तीव्र ओढीचा काळ बहुधा थोडा असतो आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसणं जीव वाचवतं. दारू टाळा, ती ब्रेक काढते.

जवळच्या माणसाबद्दल शंका असेल तर सरळ विचारा: "तुला मरावंसं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. ऐकताना उपदेश नको, शपथा नकोत, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर अजिबात नको.

१६. नवऱ्याला मदतीची गरज आहे, पण तो यायलाच तयार नाही.

"तुला मानसिक आजार आहे" हे वाक्य सोडून द्या. ज्याचा त्यालाही त्रास होतो ती गोष्ट पकडा: झोप, डोकेदुखी, थकवा. "झोपेसाठी एकदा दाखवून येऊ, मी सोबत येते." मानसोपचारतज्ज्ञ नको म्हणत असेल तर फॅमिली डॉक्टर तरी. खोटं बोलून नेऊ नका. पुढच्या वेळी तो तुमच्यासोबत कुठेच येणार नाही. संशय किंवा भास असतील तर त्यावर वाद घालू नका, हो ला हो ही म्हणू नका. "तुला खूप भीती वाटत असणार" एवढं पुरे. तोवर तुम्ही स्वतः तज्ज्ञांना भेटून सल्ला घेऊ शकता, रुग्ण नसतानाही. धोका असेल तर प्रश्न २ आणि १५ लागू. इच्छेविरुद्ध दाखल करण्याचे नियम प्रत्येक देशाच्या कायद्यात ठरलेले असतात, ते रुग्णालयाला विचारा.

१७. थेरपिस्ट योग्य आहे की नाही, कसं कळणार? आणि दोन डॉक्टरांची दोन मतं असतील तर?

थेरपीला चार ते सहा बैठका द्या. तोवर काय साधायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं असावं आणि आपलं ऐकलं जातंय असं वाटावं. लगेच आनंदी वाटावं अशी अपेक्षा नको, काही बैठकांनंतर जड वाटतंच. पण बरं होण्याची हमी देणं, स्वतःच्याच कहाण्या सांगणं, डॉक्टरांना न विचारता औषध बंद करायला लावणं, धर्म-जात-लैंगिकता यांवर शेरे, मैत्री किंवा शारीरिक जवळीक: यातली एकही गोष्ट दिसली तर उठून या. शेवटच्या प्रकाराची तक्रारही करा.

मतभेद नेहमीच कुणाच्या अज्ञानातून येत नाहीत. निदानाचे निकष देणारी दोन प्रमाण पुस्तकं आहेत: शोक लांबल्याचं निदान करायला आयसीडी-११ सहा महिने मानतं, तर २०२२ चं डीएसएम प्रौढांसाठी बारा महिने. आठव्या महिन्यात दोन डॉक्टर प्रामाणिकपणे वेगळं बोलतील. दुसरं मत घ्यायला जाताना पहिल्या डॉक्टरांचे कागद न्या, चालू औषध मधल्या काळात बंद करू नका, आणि दोघांनाही एकच विचारा: "तुमचं निदान चुकीचं असेल, तर ते कशावरून कळेल?"

१८. व्हिडिओ कॉल किंवा चॅटबॉट चालेल का?

थेरपी आणि चालू औषधांच्या फेरभेटी व्हिडिओवर छान होतात. पहिली शारीरिक तपासणी, झटके, भास, न जेवणारा रुग्ण, यांसाठी प्रत्यक्ष भेट हवी. चॅटबॉटकडून प्रश्न ९ मधला कागद नीट लिहून घ्या, त्यात तो हुशार आहे. पण तुमची नाडी त्याला दिसत नाही आणि तुम्ही जे सांगितलंच नाही ते त्याला खटकत नाही. संकटात माणूसच गाठा.

१९. सहा महिने झाले, औषध-थेरपी दोन्ही चालू आहे, फरक नाही. आता?

औषध बदलून मागण्याआधी ही यादी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. डोस पुरेसा होता का, आणि त्याच डोसवर सलग सहा-आठ आठवडे झाले का? आठवड्यातून किती गोळ्या खरोखर चुकतात? दारू किंवा गांजा चालू आहे का? थायरॉइड, बी-१२ आणि झोपेतला श्वास तपासला का? बायपोलर, एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा), जुना आघात किंवा ओसीडी (नकोसे विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केलेल्या कृती) यातलं काही नजरेतून सुटलंय का? ओसीडी लाजेपोटी पुष्कळदा लपवला जातो, आणि त्याला नुसत्या गप्पांची थेरपी पुरत नाही; भीतीला सामोरं नेऊन कृती रोखण्याची पद्धत लागते आणि औषधाचा डोसही बहुधा जास्त. शेवटचं, ज्या घरात किंवा नोकरीत त्रास सुरू झाला ती परिस्थिती तशीच आहे का? मारहाण होणाऱ्या घरात राहणाऱ्या बाईला गोळीचा तिसरा प्रकार देऊन भागत नाही. तिला आधी सुरक्षित जागा, वकील आणि समाजसेवक लागतात; मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकांचा विभाग बहुधा असतो, तिथे थेट जाता येतं.